चुना लावून गेलेली माणसं



गेले तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही, त्याचं कारण ऑफिसमधलं रिलीज नव्हतं. कारण होतं एक भिंत.

आमचं मूळ गाव वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात. (नाशिकवालं मालेगाव नव्हे हो! पुण्यात आल्यापासून हे वाक्य मी किमान पाचशे वेळा उच्चारलं असेल.) तिथे आमचा वाडा आहे. वाडा म्हटलं की पुणेकरांच्या डोळ्यांसमोर चौक, दिंडी दरवाजा, कोरीव खांब वगैरे येतात. तसं काही नाही. पाच खणांची ओसरी, माजघर, वर धाबं, बस्स. बांधून दीडशे वर्षं तरी झाली असावीत. पायापासून छातीपर्यंत काळा दगड, त्यावर वीट, आणि सगळं जोडलेलं चुन्यात.

२०११ साली मला पहिला बरा म्हणावा असा बोनस मिळाला. तेव्हा पश्चिमेच्या भिंतीच्या गिलाव्याचे पोपडे सुटत होते. मी रुबाबात काकांना फोन केला, "खर्चाची काळजी करू नका, आतून-बाहेरून सिमेंटचा एक नंबर गिलावा करून टाका." झाला. वर महागडा प्लास्टिक पेंटही झाला. फोटो काढून मित्रांना दाखवले. गावाकडचं ऋण फेडल्याचं समाधान वगैरे...

तिसऱ्या पावसाळ्यात आतल्या बाजूने ओल दिसायला लागली. मग पेंटला फुगे आले. मग फुग्यांखालून पांढरी पूड पडायला लागली. दर वर्षी थोडी डागडुजी, पुन्हा सिमेंट, पुन्हा पेंट. आणि २०२३ च्या पावसाळ्यात गिलाव्याचा चांगला दारभर तुकडा खाली आला. नुसता गिलावा नाही, विटांची तोंडंही त्याच्याबरोबर सोलून निघाली.

फॅमिली ग्रुपवर लगेच चर्चा सुरू. चुलतभावाचं म्हणणं सरळ होतं, पाडू या आणि आरसीसी बांधू या. त्याचं चूकही नव्हतं. त्या भिंतीच्या पलीकडे त्याची मुलं झोपतात. काका ग्रुपवर काही बोलले नाहीत. फोनवर मात्र मला एवढंच म्हणाले, "आबाच्या वेळी चुना पडे रे बाबू. आता वीट पडते."

हे वाक्य डोक्यात बसलं. आमच्या भाषेत सांगायचं तर काकांनी बग रिपोर्ट एका ओळीत लिहून दिला होता. मला फक्त रूट कॉज शोधायचं होतं.

सगळ्यांत आधी भेटला गूळ. जुन्या बांधकामाचा विषय काढला की कोणीतरी सांगतंच: त्या काळी चुन्यात गूळ घालत, बेलफळाचा गर, उडदाची डाळ, मेथी, हिरड्याचं पाणी, डिंक, अंड्याचा पांढरा बलक घालत, म्हणून तर किल्ले अजून उभे आहेत! व्हॉट्सअॅपवर तर 'पूर्वजांचं हरवलेलं रहस्य' या नावाने हे वर्षातून दोनदा फिरतं. पुष्कळदा त्याला वराहमिहिराच्या बृहत्संहितेचा दाखलाही जोडलेला असतो. सहाव्या शतकातल्या या ग्रंथात 'वज्रलेपा'वर खरोखरच एक प्रकरण आहे. कच्ची टेंभुर्णी, कवठ, सावरीची फुलं असलं काय काय पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं, मग गुग्गुळ, राळ, बेलफळ वगैरे घालायचं. हा लेप कोटी वर्षं टिकतो असंही म्हटलंय. (एवढी वॉरंटी आजवर कुठल्या सिमेंट कंपनीने दिलेली नाही.) गंमत अशी की त्या यादीत चुनाच नाही! तो डिंक-राळेचा चिकट लेप आहे, भिंत बांधायचा मसाला नव्हे. फॉरवर्ड करणाऱ्यांनी यादी शेवटपर्यंत वाचलेली नसते, इतकंच.

मग चुन्याकडे वळलो, आणि थोडी लाज वाटली. दहावीला विज्ञानात पैकीच्या पैकी मिळवताना हे सगळं पाठ होतं. घराची भिंत त्याचीच बनलेली आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत साधारण ९०० अंशांवर भाजलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतले ४४ किलो हवेत जातात, ५६ किलो कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकलं की तो फसफसतो, तापतो, फुलतो. याला चुना विरवणं म्हणतात. हा विरलेला चुना वाळूत मळून भिंतीला लावला की तो हवेतून तोच कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे दगड जाळून लोणी करायचं, हवं तिथे लावायचं, आणि त्याला तिथेच परत दगड होऊ द्यायचं. आहे की नाही भारी? संस्कृतात चुन्याला 'सुधा' म्हणतात, आणि चुन्याने लिंपलेलं घर ते 'सौध'. अमृतालाही तोच शब्द आहे. नाव ठेवणाऱ्याला ही किमया ठाऊक होती का, कुणास ठाऊक. पण नाव चपखल पडलं.

यातला महत्त्वाचा शब्द 'हळूहळू'. सिमेंट पाण्याशी संयोग पावून काही तासांत आवळतं आणि २८ दिवसांत बहुतेक ताकद कमावतं. शुद्ध चुन्याला हवा लागते, आणि हवा भिंतीत शिरते ती वरच्या थरातून. तो थर दगड झाला की आतली वाट आणखी अवघड. पहिल्या काही मिलिमीटरला महिने, पुढच्या तेवढ्याच अंतराला त्याहून जास्त. दोन-तीन हात जाडीच्या भिंतीच्या पोटात ही प्रक्रिया पिढ्यान्‌पिढ्या चालू राहू शकते. भिंत बांधणारा गवंडी वारला तरी त्याचं काम संपलेलं नसतं!

आता प्रश्न पडला, आमच्या गावात चुना आला कुठून? वाशीम जिल्हा म्हणजे काळ्या अग्निजन्य खडकाचा, बेसाल्टचा प्रदेश. चुनखडीचे मोठे साठे पूर्वेला, वणीच्या बाजूला. कोकणात शिंपले जाळून चुना करता येतो. वऱ्हाडात शिंपले कुठून आणणार?

उत्तर पायाखालीच होतं. काळ्या जमिनीत नांगराच्या फाळाला लागणारे ते पांढरट, वेडेवाकडे खडे आठवतात? चुनखडीचे. हिंदुस्तानात इतरत्र त्यांना कंकर म्हणतात. पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना जमिनीत खाली उतरतो आणि उन्हाळ्यात पाणी उडालं की खड्यांच्या रूपात साचतो. हे खडे शुद्ध नसतात, त्यांच्यात मातीही मिसळलेली असते. आणि इथेच मला गुळापेक्षा गोड रहस्य सापडलं. चुनखडीबरोबर माती भाजली गेली की त्यातल्या सिलिका आणि अॅल्युमिनाचा चुन्याशी संयोग होतो, आणि जो चुना तयार होतो तो काही अंशी पाण्याबरोबरच आवळतो. त्याला हवेची पूर्ण वाट पाहावी लागत नाही. ओलीतही तो धरतो.

इंग्लंडमध्ये जॉन स्मीटन नावाच्या इंजिनियरला १७५६ च्या सुमारास हेच शोधावं लागलं. त्याला एडिस्टोनच्या खडकावर, समुद्राच्या लाटांत, दीपगृह बांधायचं होतं. वेगवेगळ्या चुनखडी भाजून पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की ज्या चुनखडीत माती जास्त, तिचा चुना पाण्यात चांगला आवळतो. तोवर लोक शुद्ध, पांढराशुभ्र चुनाच उत्तम समजत. पुढे १८५४ मध्ये सुरू झालेल्या गंगा कालव्याच्या प्रचंड बांधकामात इंग्रज इंजिनियरांनी आपल्याकडच्या याच कंकरचा चुना आणि विटांची पूड, म्हणजे सुरखी, मनसोक्त वापरली. सुरखीचं कामही तेच: भाजलेली माती चुन्याशी संयोग पावते. रोमन लोक ज्वालामुखीची राख घालत, आपण फुटक्या विटा कुटून घालत असू. तत्त्व एकच.

याचा अर्थ आमच्या गावच्या गवंड्यांना रसायनशास्त्र येत होतं असा नाही. त्यांच्याकडे शुद्ध चुना नव्हता, म्हणून अशुद्ध वापरला. आणि तो अशुद्धच जास्त उपयोगी निघाला. पण हे ओळखून, जपून, पुढच्या पोराला शिकवणं, यालाही अक्कल लागतेच की.

आता थोडा इतिहास. चुना नव्हता तेव्हा काय होतं? आमच्या तालुक्यातच शिरपूरला पवळी मंदिर आहे, हेमाडपंती पद्धतीचं. हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकातल्या देवगिरीच्या यादवांचा मंत्री. त्याच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत म्हणजे घडीव दगड एकमेकांत खाचा-कुसवांनी असे बसवायचे की मसाल्याची गरज पडू नये. दगडाचं वजनच भिंतीला धरून ठेवतं. पण त्यासाठी प्रत्येक दगड घडवावा लागतो, म्हणजे पाथरवटांची फौज, राजाचा नाहीतर धनिकांचा पैसा. आणि खांबावर तुळई टाकून जेवढं अंतर झाकता येईल तेवढंच झाकता येतं.

चौदाव्या शतकापासून दख्खनमध्ये सुलतानी राजवटींबरोबर कमानी आणि घुमट मोठ्या प्रमाणावर आले. तोवर चुना गिलाव्याला, नक्षीला माहीत होता. आता तो सांध्यात गेला. कमानीत असंख्य छोटे तुकडे एकमेकांवर रेलून उभे असतात, त्यांच्या फटी भरायला नमतं घेणारं काहीतरी लागतं. शिवाय चुना असला की ओबडधोबड दगडही चालतो, वीटही चालते. बांधकाम स्वस्त झालं, वेगवान झालं, आणि देवळातून घरात आलं. वाशीमहून अकोल्याच्या पलीकडे गेलात तर मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर बाळापूरचा किल्ला पाहा. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने सुरू केलेला आणि एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ मध्ये पुरा केलेला, उंच, विटांचा किल्ला. विटेसारखी मऊ वस्तू नदीच्या काठावर अडीचशेहून जास्त पावसाळे काढते, त्यात सांध्यांचा वाटा मोठा आहे.

आणि चुना किती देखणा होऊ शकतो ते पाहायचं असेल तर बीबी का मकबरा. त्याला 'गरिबाचा ताज' म्हणून हिणवतात. खर्चाचा नोंदलेला आकडा ६,६८,२०३ रुपये ७ आणे. संगमरवर खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला; मधलं बरंचसं काम दगडावर घोटलेल्या चुन्याचं. लांबून दोन्ही सारखेच पांढरे दिसतात. हिणवणाऱ्यांनी खरं तर त्या गवंड्यांना दाद द्यायला हवी होती. संगमरवर खाणीतून निघतो, हा हाताने घोटून काढावा लागतो.

असो, पुन्हा आमच्या भिंतीकडे. गळून पडलेल्या भागातून मी जुन्या सांध्याचं एक ढेकूळ पुण्याला घेऊन आलो. बाल्कनीत, बायकोच्या संशयी नजरेखाली, ते कुटलं, वजन केलं आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाकलं. (हातमोजे आणि चष्म्याशिवाय हा उद्योग करू नका, आणि स्वयंपाकाचा काटा वापरू नका. आमच्याकडे त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही.) फेस थांबल्यावर गाळलं, वाळवलं, पुन्हा वजन केलं. साधारण तिसरा हिस्सा विरघळून गेला होता. तेवढं कॅल्शियम कार्बोनेट धरलं तर हिशोबाने विरलेल्या चुन्याचा एक भाग आणि बाकी मालाचे तीन भाग, असं वजनी प्रमाण निघतं. मालातले काही चुनखडीचे खडेही विरघळले असणार, तेव्हा हा अंदाजच. फडक्यावर उरली होती नदीची जाडी-बारीक वाळू, विटेचे लालसर कण आणि राखाडी गाळ. बस्स. एवढाच 'हरवलेला फॉर्म्युला'. आजही कुठलाही गवंडी चुना-वाळूचं प्रमाण एकास तीनच सांगेल.

मग गूळ? गूळ घालत असत, हे खरं आहे. साखरेमुळे चुना पाण्यात जास्त विरघळतो, मसाला मऊ आणि पसरायला सोपा होतो, आवळायला वेळ घेतो. हिरड्यातलं टॅनिन, डिंक, डाळीची चिकी यांचीही कामं अशीच. चीनमध्ये चुन्यात चिकट तांदळाची पेज घालत. तिथल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की तांदळातला स्टार्च चुन्याचे स्फटिक बारीक आणि दाट बनवतो. म्हणजे मसाल्यात मसाले होते, आणि त्यांना अर्थही होता. पण भाजीत कोथिंबीर घातली म्हणून भाजी होत नाही. मूळ काम होतं चांगला भाजलेला चुना, पुरेसा विरवलेला, आणि घाण्यात बैल फिरवून तासन्‌तास मळलेला. किल्ल्यांवर ते गोल दगडी चर आणि दगडी चाक पाहून आपण सेल्फी काढतो ना, तो चुन्याचा घाणा. रहस्य असलंच तर त्या बैलाच्या फेऱ्यांत आहे.

त्या ढेकळात आणखी एक दिसलं: पांढरे ठिपके, ज्वारीच्या दाण्याएवढे, नीट न मिसळलेल्या चुन्याचे. मला वाटलं, निष्काळजीपणा. पण २०२३ च्या जानेवारीत एमआयटीच्या संशोधकांनी रोमन काँक्रीटमधल्या अशाच ठिपक्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, तो वाचला. भेग पडली की तिच्यात पाणी शिरतं, ठिपक्यातला चुना विरघळतो, भेगेत जाऊन पुन्हा चुनखडी होऊन बसतो. भेग बुजते. आमचा मसाला आणि रोमन काँक्रीट एक नव्हे, पण चुन्याच्या मसाल्यात बारीक भेगा अशा भरून येतात हे जुन्या इमारती सांभाळणाऱ्यांना परिचयाचं आहे. सेल्फ-हीलिंग म्हणतात त्याला. आमच्याकडे सर्व्हर आपोआप रीस्टार्ट झाला तरी आम्ही हा शब्द वापरतो, लाज वाटायला हवी :-)

आता मूळ मुद्दा. आपण टिकाऊ म्हणजे कठीण असं समजतो. सिमेंटचा १:४ मसाला साधारण ७.५ मेगापास्कलचा धरतात. जुन्या चुन्याचा मसाला बऱ्याचदा १ ते ३ च्या आसपास. कागदावर सिमेंट सरळ जिंकतं. मी २०११ मध्ये हाच विचार केला होता, तोही आकडे न बघता.

पण आमचं घर उभं आहे काळ्या जमिनीजवळ. तिचा स्वभाव वऱ्हाडातल्या कुणालाही विचारा. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून तर जुन्या लोकांनी शेताला 'काळी' आणि वस्तीला 'पांढरी' अशी दोन नावं दिली आणि घरं पांढरीवर बांधली. तरी आसपासच्या जमिनीची हालचाल पायापर्यंत पोचतेच. घर दर वर्षी थोडं हलतं. चुन्याचा सांधा तेवढं हलणं सोसतो. असंख्य केसाएवढ्या भेगा पडतात आणि त्यांतल्या बऱ्याच बुजतात. सिमेंट हलत नाही. ते एकदाच तडकतं, लांबलचक, आणि मग त्या तड्यातून पाणी आत.

आत गेलेलं पाणी बाहेर कसं येणार? चुन्याच्या गिलाव्याला बारीक छिद्रं असतात, ओल वाफ होऊन निघून जाते. माझ्या सिमेंटने आणि वरच्या प्लास्टिक पेंटने ती वाट बंद केली. ओल वर चढत राहिली आणि जिथे वाट मिळेल तिथून निघू लागली, आणि जाताना क्षार मागे ठेवत गेली. हाच तो लोणा. क्षाराचे स्फटिक छिद्रांत वाढतात आणि जे मऊ असेल ते फोडतात. आबांच्या काळात भिंतीत सगळ्यांत मऊ होता गिलावा. तो पडायचा, पुन्हा लावायचा. मी भिंतीला विटेपेक्षा कठीण कातडं दिलं. आता सगळ्यांत मऊ होती वीट.

चुना पडे, आता वीट पडते. काकांना रूट कॉज माहीतच होता.

गावातले एक म्हातारे गवंडी आहेत, सगळे त्यांना मिस्त्रीकाका म्हणतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ते भिंत बघायला आले. हात फिरवला, नखाने सिमेंट टोकरलं आणि म्हणाले, "भित बी माणसासारखीच रायते बाबू. तिले बी घाम येते. तुमी तिले रेनकोट घालून देल्ला." दोन महिने वाचलेले पेपर एका वाक्यात. सिमेंट वाईट असंही ते म्हणाले नाहीत. "सिमिटाच्या घराले सिमिट, चुन्याच्या घराले चुना," एवढंच.

ही साधी गोष्ट आपण विसरलो कधी? जोसेफ अॅस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं १८२४ मध्ये. आपल्याकडे पोरबंदरला कारखान्याचं उत्पादन सुरू झालं १९१४ मध्ये. त्यानंतरही कितीतरी वर्षं खेड्यापाड्यांत चुनाच होता. म्हणजे चुना विसरायला आपल्याला जेमतेम दोन-तीन पिढ्या लागल्या. भट्ट्या विझल्या, घाणे पडून राहिले, गवंड्यांची मुलं सिमेंटच्या कामावर गेली. गेली ते बरोबरच केलं. रोजगार तिथे होता. पण त्यामुळे चुन्याची घरं सांभाळणारे हात नाहीसे झाले, आणि घरं मात्र उरली.

आणि सांभाळणं हाच तर सगळा खेळ होता. लहानपणी दिवाळीच्या आधी बादलीत चुना भिजायचा, त्यात थोडी नीळ, थोडा डिंक, आणि आम्ही पोरं कुंचले घेऊन भिंती पांढऱ्या करायचो. मी ती सफाई समजत होतो. प्रत्यक्षात आम्ही भिंतीच्या बारीक भेगांत दर वर्षी नवा चुना भरत होतो. दर दिवाळीला एक पॅच रिलीज, दीडशे वर्षं न चुकता! किल्ले आणि वाडे गुळामुळे टिकले असं मानलं की आपली जबाबदारी संपते: ते लोक थोर होते, रहस्य हरवलं, आता काय करणार? दर वर्षीच्या हातामुळे टिकले असं मानलं, तर प्रश्न आपल्याकडे येतो. म्हणूनच बहुतेक आपल्याला गूळ जास्त आवडतो.

तर शेवटी काय झालं? चुलतभावाने एका भिंतीची आणि दोन पावसाळ्यांची मुदत दिली. पोरांची झोपायची खोली बदलली. पश्चिमेच्या भिंतीचं सगळं सिमेंट आम्ही छिन्नीने काढलं (माझा बोनस मीच हातोडीने फोडला). पत्रे आडवे लावून भिंत अख्खा पावसाळा तशीच ठेवली, सुकायला. कळीचा चुना आणून हौदात विरवून दोन महिने मुरवला. दिवाळीनंतर मिस्त्रीकाकांनी सुरखी घालून सांधे भरले आणि गिलावा केला. त्यांच्या हाताखाली दोन पोरं होती, दोघांनीही आयुष्यात पहिल्यांदा चुना हाताळला. महिनाभर काकू रोज भिंतीवर पाणी शिंपडत होत्या.

२०२५ च्या होळीला गेलो तेव्हा कोपऱ्यातला एक सांधा मी मुद्दाम फोडून पाहिला. आत किती दगड झालाय ते बघायचं होतं. प्रयोगशाळेत यासाठी एक द्रव फवारतात. मी काकूंकडे हळद मागितली. चुना अजून ताजा असेल तर हळद लाल होते, दगड झाला असेल तर पिवळीच राहते. (कुंकू असंच तर करतात.) हळदीचं पाणी ओतलं. बाहेरचा नखाच्या जाडीएवढा पट्टा पिवळा राहिला, आणि त्याच्या आत सगळं लालभडक.

शेजारी दीडशे वर्षांचं जुनं ढेकूळ ठेवलं, त्यावरही ओतलं. पार आतपर्यंत पिवळं.

"म्हणजे अजून झालं नाई," काकू म्हणाल्या.

"नाही ना. अजून बरीच वर्षं लागतील."

"मंग पाडता कशी येईन?" असं म्हणून त्या आत गेल्या.

त्यानंतरचा पावसाळा गेला. एका कोपऱ्यात खालच्या बाजूला लोणा अजून दिसतो, तिथला गिलावा हातभर पडलाही. वीट शाबूत आहे. चुलतभावाने अजून हो म्हटलेलं नाही, आणि मीही त्याला गूळ लावून सांगायला जात नाही. उरलेल्या तीन भिंतींवर माझं सिमेंट तसंच आहे. पुढच्या शनिवारी गावी जातोय. हौद रिकामा करून ठेवायला काकांना सांगितलंय, आणि या वेळी बोनस कुठे लावायचा ते आधी मिस्त्रीकाकांना विचारणार आहे.

तुमच्या गावी असं एखादं घर असेल, आणि तुमच्याही खात्यात एखादा बोनस येऊ घातला असेल, तर एवढंच करा: फोन करण्याआधी भिंतीला नखाने टोकरून पाहा, ती कशात बांधली आहे ते.